तीन घरांची फेरी

सर, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून तुमचे जुने विद्यार्थी आठवडाभर माझ्या मागं लागलेत. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांना स्मरणिका काढायची हुक्की आली आहे. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर तुमचा तो शाल पांघरलेला फोटो, आणि आत आमच्यासारख्यांनी लिहिलेलं गोडगोड. "मॅडम, तुम्ही तर सरांच्या सगळ्यात लाडक्या," असं त्यातला एक जण फोनवर म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला. कागद पुढं ओढला, तर पहिल्याच ओळीला पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. रागानं. म्हणून ती दोन पानं तूर्त राहू देत, आधी हे लिहिते. तुम्ही मेलात म्हणून मी तुम्हाला सोडून द्यावं, असं मला काही वाटत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तुमचा कम्प्युटरचा कारभार होता. नव्वदच्या दशकाचा मध्य उलटला होता. मी नुकती बी.एस्सी. होऊन, कम्प्युटरचा डिप्लोमा करून उचगावातून सायकल मारत तुमच्याकडं आले. दारात चपलांचा ढीग, कारण मशीनच्या खोलीत चप्पल चालायची नाही. देवघराला नसेल एवढं सोवळं तुम्ही त्या खोलीला लावलं होतंत. तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो कोणती भाषा येते, असा नव्हता. "कुणाची गं तू? आजोळ कुठलं?" मी गाव सांगितलं. "त्यात कुठलं घर?" मी म्हटलं, वरच्या आळीचं. तुम्ही "हं" म्हणालात आणि चष्मा पुसलात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी माणसाचं गाव विचारतात. त्या "हं"चा अर्थ मला कळायला पुढं बरीच वर्षं जायची होती.

तुम्ही शिकवलंत उत्तम. ते मी नाकारणार नाही, नाहीतर राग खोटा ठरेल. पॉलिटेक्निकची नोकरी सोडून आलेला माणूस, फळ्याची सवय गेलेली नव्हती. एखादा प्रोग्रॅम हळू चालतोय म्हटलं की आम्ही सगळे ज्योतिषी व्हायचो. कुणी म्हणायचं डिस्क हळू आहे, कुणी म्हणायचं प्रिंटर, कुणी मशीनच बदला म्हणायचं. तुम्ही टेबलावर बोटांची गाठ आपटायचात. "अंदाजपंचे दाहोदरसे हितं न्हाय चालायचं! मोज. मोज आन मग तोंड उघड." आणि मग तुम्ही प्रोफाइलर दाखवलात. प्रोग्रॅम बांधताना एक जादा स्विच द्यायचा, मग तो नेहमीसारखा चालवायचा. तो चालत असताना मशीन क्षणाक्षणाला डोकावून बघतं की आत्ता हा नेमका कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय, आणि प्रत्येक फंक्शनला किती वेळा हाक मारली गेली तेही मोजतं. प्रोग्रॅम संपला की एक फाइल पडते. मग काळ्या पडद्यावर एक कमांड मारायची की हिशोब समोर: सगळ्यात जास्त वेळ खाणारा सगळ्यात वर. उसाच्या फडात कोण राबतंय आणि कोण बांधावर बसलंय, हे त्या तक्त्यात लपत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

तुमचं हे व्याख्यान चाललेलं असताना काकू शेजारच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायच्या. मध्ये नुसता पडदा. एकदा तुम्ही आम्हाला म्हणालात, "आता तुमच्या काकूंचं बघा. सकाळचा सगळा येळ कुटं जातोय? भाकरीत जातोय असं वाटतंय, पण मोजल्याबिगर सांगता येत न्हाय." पडद्याआडून आवाज आला, "मोजायला कशाला पायजे, मी सांगतो की. सगळा येळ तुमच्या चहात जातोय. सकाळपासनं पाचवा हाय ह्यो." आम्ही सगळे फुटलो. तुम्हीही हसलात, आणि चहा मात्र घेतलात. त्याच आठवड्यात तुम्ही मला प्रोफाइलरच्या मॅन्युअलची झेरॉक्स दिलीत, महाद्वार रोडवरून बांधून आणलेली, पुठ्ठ्यावर माझं नाव तुमच्या तिरप्या अक्षरात. घरी नेऊन आईला दाखवली तर तिनं तिला हळदकुंकू लावलं. म्हणून सांगते, मी तुम्हाला गुरू मानत होते. ज्याला मानलेलंच नसतं त्याचा इतका राग येत नाही.

आता त्या यादीविषयी. त्या साखर कारखान्याचं नाव मी या कागदावरही लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. दिवाळीला सभासदांना स्वस्तातली साखर मिळायची. गावोगावच्या याद्या छापायच्या, चावडीत लावायच्या, आणि यादीच्या क्रमानं नावं पुकारून साखर द्यायची. बाहेरच्या माणसाला वाटेल, नावं बाराखडीनं लावा आणि मोकळे व्हा. कारखान्यात मशीन आलं त्या वर्षी कुणीतरी तसंच केलं होतं म्हणे, आणि गावांनी याद्या फाडून ऊस देणार नाही म्हणून निरोप धाडले. यादी बाराखडीनं नाही लागत, मानानं लागते. पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, भावकीतली थोरली पाती कुठली, धाकटी कुठली. साखर सगळ्यांना तेवढीच, पण पहिलं नाव पुकारलं जातं तेव्हा चावडीत शांतता असते, आणि त्या शांततेसाठी माणसं डोकी फोडतात. तुम्ही ते काम अंगावर घेतलंत. गावागावांत फिरून कोणतं घर कोणत्या घराच्या वर, याचे नियम लिहून आणलेत आणि मानाची तुलना करणारं एक फंक्शन लिहिलंत. दोन घरं त्याला द्यायची, ते नियम धुंडाळून सांगायचं की वरचं कोण. प्रत्येक घर त्याच्या खालच्या प्रत्येक घराशी ताडायचं, चुकीचं असेल तर अदलाबदल करायची, आणि काहीच बदलायचं उरेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून फेरी मारायची. अशी कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाला सुचू शकते. मला तेव्हा तिचा अभिमान वाटायचा.

फक्त तो प्रोग्रॅम भयंकर हळू होता. सकाळी लावला की जेवणवेळ टळली तरी संपायचा नाही, आणि एखादं नाव चुकलं की सगळं पुन्हा. त्या वर्षी कारखान्याच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटनी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, तुम्हाला निर्वाणीचं सांगितलं. त्याच सुमाराला कारखान्यात कम्प्युटर विभागात एक जागा निघणार होती, कायमची. तुम्ही मला बोलावलंत. "ह्यो यादीचा प्रोग्रॅम पळता कर. साहेबांच्या डोळ्यासमोर कर. जागा तुझीच हाय, मी शब्द टाकतो." मी त्या दिवशी सायकल हातात धरून उचगावपर्यंत चालत गेले, चालवायचं सुचलंच नाही. वडील नव्हते. आई एकटी. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं, आणि कोल्हापुरात प्रोग्रॅम लिहून पोट भरेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, पोरगी कारखान्यात लागणार.

मी तुम्ही शिकवलंत तसंच केलं. अंदाज केला नाही. स्विच देऊन प्रोग्रॅम बांधला, चालवला, हिशोब काढला. पहिल्या ओळीवर तुमचं मानाचं फंक्शन, जवळजवळ सगळा वेळ त्याच्याच नावावर. बाकीची फंक्शनं नुसती वऱ्हाडी. किती वेळा हाक मारली त्या रकान्यातला आकडा एवढा लांब की शेजारच्या रकान्यात घुसला होता. घरं एवढी, गावं एवढी, मग इतक्या हाका कशा? मी एकेक गाव सुटं करून पुन्हा मोजलं. बाकी सगळी गावं दोन-चार फेऱ्यांत शांत होत होती. एकच गाव थांबत नव्हतं, आणि ते माझं आजोळ होतं. तिथं तीन घरं गोल फिरत होती. गावजत्रेच्या नारळामुळं देवळाजवळचं घर वरच्या आळीच्या वर. थोरली पाती म्हणून वरची आळी ओढ्याकडच्या घराच्या वर. आणि जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठीचा पहिला खांदा ओढ्याकडच्यांचा, म्हणून ते देवळाजवळच्यांच्या वर. प्रत्येक जण एकाच्या वर आणि एकाच्या खाली. प्रत्येक फेरीला तिघं जागा बदलत होते. हे कधीच संपलं नसतं, पण तुम्ही फेऱ्यांना एक मर्यादा घातली होतीत, आणि ती मर्यादा म्हणजे चालू वर्षाचा आकडा. दोन हजाराच्या घरातल्या फेऱ्या! मला वाटलं, सरांची नजरचूक. फेऱ्यांच्या जागी चुकून वर्ष पडलं. मला इतका आनंद झाला, सर, की मी ते कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं.

आणि तुम्हीच मला सांगायला लावलंत. हे विसरू नका. मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगणार होते. पण साहेब आधीच येऊन बसले होते, काकूंनी त्यांना कांदेपोहे दिले होते, आणि तुम्ही मोठ्या ऐटीत म्हणालात, "सांग की साहेबास्नी, काय सापडलं ते. माझी पोरगी मोजल्याबिगर बोलत न्हाय, साहेब." मी हिशोबाचा कागद पुढं ठेवला. म्हटलं, "सगळा वेळ मान ठरवण्यात जातोय. त्यातही एकाच गावात. त्या गावात प्रोग्रॅम फिरत राहतो, आणि थांबायच्या जागी..." एवढंच. पुढचं तुम्ही बोलू दिलं नाहीत. तुमचा चेहरा मी आजही विसरले नाही, आधी पांढरा, मग लाल. टेबलावर तुमची मूठ बसली, बशी उडाली. "गप! कुणी सांगितलं तुला त्यात हात घालायला? माझा चांगला चाललेला प्रोग्रॅम बिघडवून वर मला शिकवतीस?" आणि साहेबांकडं वळून, एकदम शांत आवाजात: "पोरीनं घोळ केलाय, साहेब. नवी हाय. मी निस्तरतो, दिवाळीच्या आत याद्या देतो."

मी एका अक्षरालाही हात लावला नव्हता. नुसतं मोजलं होतं. साहेबांनी पोह्याचा घास गिळला आणि माझ्याकडं बघितलं, जसं आपण फुटलेल्या बरणीकडं बघतो. "अस्सं व्हय," एवढंच म्हणाले. पडद्याआड भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मी तुमच्याकडं बघत राहिले, आता म्हणाल, मग म्हणाल. तुम्ही तो कागद घडी करून खिशात घातलात. याद्या त्या वर्षीही तुम्ही तशाच दिवसभर मशीन घुमवून दिल्यात. जागा दुसऱ्याला मिळाली. मला कुणी काही बोललं नाही, नुसतं माझं नाव पुढं गेलं नाही. आईनं गल्लीत काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर मी पुण्याला गेले. तिथं कुणाला माझं आजोळ ठाऊक नव्हतं, एवढंच एक सुख. पण कोल्हापुरात जिथं जिथं कम्प्युटर होता तिथं तिथं माझं नाव पोचलं होतं: सरांचा प्रोग्रॅम बिघडवलेली. आई तिकडं एकटीच राहिली, आणि मी शनिवारी एस.टी.नं यायची, रविवारी जायची. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की पोरीच्या हातून खरंच काहीतरी चूक झाली. मी सांगायची, आई, नाही गं. ती म्हणायची, "असू दे बाळ, हुतं एखाद्याच्या हातनं." यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग नवं शतक लागलं, आणि एक दिवस पुण्यात तुमचा फोन. कारखान्यात नवी मशीनं आली होती, लिनक्स आलं होतं, जुना प्रोग्रॅम त्यावर चढवायचा होता. "तुझ्याबिगर कुणाला जमायचं न्हाय." ना कशी आहेस, ना चुकलो. मी का आले? तुम्ही तोंडानं म्हणाल म्हणून आले. रजा काढून आले. पुण्यात तोवर माझं कामच ते झालं होतं, हळू चालणारे प्रोग्रॅम घ्यायचे, मोजायचे, पळते करायचे. त्यावर मी घर केलं होतं. तुमच्या त्याच खोलीत बसले. चपला आता आतपर्यंत येत होत्या. प्रोग्रॅम नव्या मशीनवर बांधला, सवयीनं तोच स्विच दिला, आणि चालवला. कमांड मारेपर्यंत यादी तयार. हिशोब काढला तर मानाचं फंक्शन अजून पहिल्या ओळीवर, टक्के जवळजवळ तेच. पण सगळा वेळ मिळून चहा ओतायला लागेल तेवढा. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि खूश होऊन म्हणालात, "बघ! मशीन पळाय लागलं, मिटला का न्हाय प्रश्न?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्यापायी माझं गाव सुटलं, त्याचं उत्तर हे? की थांबा, मशीनं सुधारतील?

तुम्ही आत गेलात तसं मी ते वर्ष काढून टाकायला घेतलं. एवढी एक चूक तरी माझ्या हातानं दुरुस्त करून जावं म्हटलं. पण मोजल्याशिवाय हात घालायचा नाही, ही तुमचीच सवय. मी आधी गेल्या वर्षाचा आकडा घालून आजोळची यादी काढली. मग यंदाचा. मग पुढच्या वर्षाचा. गेल्या वर्षी पहिलं नाव वरच्या आळीचं होतं. यंदा देवळाजवळचं. पुढच्या वर्षी ओढ्याकडचं. एक फेरी वाढली की तिघं एक घर पुढं सरकत होते, आणि वर्ष दरसाल एकानं वाढतं. म्हणजे ती चूक नव्हतीच. तुम्ही पाळी लावली होतीत. आणि मला एकदम मामा आठवला, दिवाळीला छाती काढून घरात येणारा: "यंदा कम्प्युटरनं आमाला वर घातलं बघ! त्येला कळतंय मान कुणाचा!" आणि एखाद्या वर्षी तोंड पाडून, "कम्प्युटरची मर्जी. त्येच्याशी कोण भांडणार?" ज्या गावात आधी या यादीवरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या, तिथं इतकी वर्षं कुणी आवाज चढवला नव्हता, कारण कम्प्युटरला ना पाती, ना भाऊबंद.

जेवायला बसल्यावर मी विचारलं. काकू वाढत होत्या. "सर, तुम्ही पाळी लावलीय." तुम्ही घास चावत राहिलात. "चाललंय न्हवं? राहू दे की." मी म्हटलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंत?" तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. "तुझं आजोळ त्या तिघांतलं. तुझ्या मामाच्या कानावर गेलं असतं. पोरीबाळींच्या पोटात असलं न्हाय ऱ्हात." काकू म्हणाल्या, "अवो, काय बोलताय!" आणि तुम्ही वर म्हणालात, "आन तुजं काय वाईट झालं? पुण्यात चांगलं झालं की. हितं ऱ्हायली असतीस तर याद्याच छापत बसली असतीस." मी ताटावरून उठले. काकू दारापर्यंत आल्या, "पोरी, खाऊन तरी जा," म्हणाल्या. त्यांचा काही दोष नव्हता, पण मी थांबले नाही. त्यानंतर आपण भेटलो नाही. थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात. मी आले नव्हते, मुद्दाम.

आता तुम्ही ऐकायला नाही, म्हणून तरी ऐका. प्रोफाइलर वेळ कुठं जातो ते सांगतो, का जातो ते सांगत नाही, असं एखादं वाक्य तुमच्या फोटोखाली उभं राहून मी टाकलं तर टाळ्या पडतील. मला ते वाक्य नको आहे. गावात भांडण होऊ नये म्हणून तुम्ही केलंत ते शहाणपणाचं होतं, मान्य. पण त्यासाठी हजारो फेऱ्या कशाला लागत होत्या? तीन घरांची पाळी लावायला तीन ओळी पुरल्या असत्या. मला कानात सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी प्रोग्रॅम पळता केला असता, पाळीही ठेवली असती, साहेबही खूश, गावही गप्प, आणि मी आईजवळ. सगळं जमत होतं, सर. फक्त एका पोरीवर विश्वास टाकायचा होता, आणि तेवढा तुमच्याकडून झाला नाही. तुम्ही मला दोन वर्षं मोजायला शिकवलंत आणि स्वतः मला मोजलंत ते घरावरून. वरच्या आळीची भाची. झालं. तुमच्या त्या फंक्शनमध्ये तरी दोन्ही बाजू बघून निकाल लागायचा. आणि त्या "हं"पासून तुम्ही ठरवलेलं होतंत, तर मग तो प्रोग्रॅम माझ्या हातात दिलातच कशाला? हा प्रश्न मी कितीदा घोळवला असेल. मला वाटतं, तुम्हाला वाटलं होतं मी तिथपर्यंत पोचणारच नाही. याचा राग तर मला सगळ्यात जास्त येतो.

आता गेल्या रविवारचं. स्मरणिकेच्या आधी त्यांनी तुमच्या नावाचा कार्यक्रम ठेवला होता. स्टेजवर मधल्या खुर्चीत तुमचा फोटो, त्याला हार, आणि पाहुणे म्हणून साहेब. थकलेत, पण आवाज तसाच. खाली बरीच मंडळी, त्यात त्या गावची माणसंही होती. तिसऱ्या रांगेत माझा मामेभाऊ, आणि त्याच्या शेजारीच ओढ्याकडच्यांचा मोठा मुलगा, दोघं एकाच पिशवीतले शेंगदाणे खात. यादी अजून तुमच्याच प्रोग्रॅमनं निघते, हे मला आधल्या दिवशी मामेभावाकडूनच कळलं होतं. मला वर बोलावलं. साहेबांनी डोळे बारीक केले, आणि माइक स्वतःकडं ओढून म्हणाले, "वळखली की! साखरंचा प्रोग्रॅम बिघडवलेली पोरगी न्हवं का ही? सरांनी निस्तरलं म्हणून त्या साली दिवाळी झाली आमची!" सगळं सभागृह हसलं. वाईट हेतूनं नाही, कौतुकानं हसलं, म्हाताऱ्या माणसाला आठवतंय म्हणून. मग साहेबांनी माइक माझ्या हातात दिला.

सगळ्या आयुष्यात मला ही एकच संधी हवी होती. तोच माणूस, तोच आरोप, आणि हातात माइक. दोन वाक्यं पुरली असती. सर खोटं बोलले, मी नुसतं मोजलं होतं, आणि काय मोजलं होतं ते हे असं. तोंडापर्यंत आलं होतं. समोर ते दोघं शेंगदाण्याची टरफलं एकाच कागदावर टाकत होते. मी म्हणाले, "व्हय साहेब. मीच ती." पुन्हा हसू झालं, टाळ्या झाल्या, आणि मी तुमच्याविषयी चार बरे शब्द बोलून खाली उतरले.

हे स्मरणिकेत जाणार नाही आणि कुठंच जाणार नाही. वाचून झालं की चुलीत घालीन. उद्या त्यांना दोन गोड पानं लिहून देईन. पण एक सांगते, कारण इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी गप्प बसले ते त्या तीन घरांच्या भल्यासाठी, असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. माझ्या पोटात राहतं, हे तुम्हाला दाखवायला मी गप्प बसले. आणि मान वळवून बघितलं तर खुर्चीत फोटो होता.